बेडरूमचा ह्युमिडिफायर: आधी हवा मोजा, मग टाकीत हात घालून बघा

हीटर किंवा एसी रात्रभर चालला की पहाटे माझा घसा इतका कोरडा पडतो की आवंढा गिळताना दुखतं. नाकात खपल्या धरतात, ओठ फुटतात, नडग्यांना खाज सुटते. त्यामुळे ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, घ्यायचं हे माझ्यापुरतं केव्हाच ठरलं होतं. पण शेजारच्या खोलीत आई झोपते आणि तिला दमा आहे. म्हणून हे यंत्र मी फार चिकित्सा करून निवडलं, आणि ती चिकित्सा कामाची वाटते म्हणून लिहिते आहे.

सगळ्यात आधी घेतलं ते आर्द्रता मोजणारं छोटं हायग्रोमीटर. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ह्युमिडिफायरच्या आधी हेच घ्या. घसा कोरडा पडण्याची कारणं इतरही असतात. नाक चोंदलं असेल आणि रात्री तोंड उघडं राहत असेल, तर खोली कितीही दमट केली तरी घसा सुकणारच. खोलीतली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जेवढं बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे तो आकडा, साधारण ३० ते ५० टक्क्यांत असावी. आकडा त्यातच असेल तर यंत्राची गरज नाही, आणि ६० च्या वर असेल तर यंत्र आणूच नये. ५० च्या वर धुळीतल्या सूक्ष्म कीटकांना म्हणजे डस्ट माइट्सना गादी-उशीत मानवायला लागतं, ६० च्या पुढे भिंतींवर बुरशी धरू शकते. दमेकऱ्याच्या घरात दोन्ही नकोत. मी ४५ च्या आसपास थांबते.

हीटरने हवा कोरडी कशी होते, हे मला आधी नीट उमगत नव्हतं. हीटर हवेतलं पाणी काढून घेत नाही. पण २० अंश सेल्सिअसची हवा घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, तर शून्य अंशाची जेमतेम ५ ग्रॅम. बाहेरची थंड हवा घरात येऊन तापली की तिच्यातलं बाष्प तेवढंच राहतं आणि धारणशक्ती तिपटीहून जास्त वाढते. मग ती हवा ओलावा मिळेल तिथून शोषते, आपल्या नाकातून आणि कातडीतूनसुद्धा. एसीचं वेगळं आहे. त्याच्या थंड कॉइलवर बाष्पाचं पाणी होतं आणि नळीवाटे बाहेर जातं.

हाच हिशेब टाकीचा आकार ठरवताना उपयोगी पडला. तीन बाय चार मीटरच्या आणि तीन मीटर उंचीच्या खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. ती ३० टक्क्यांवरून ४५ वर न्यायला शंभर मिलिलिटरहून कमी पाणी लागतं. फटींमधून हवा बदलत राहते, पडदे-गाद्याही ओलावा पितात, म्हणून प्रत्यक्षात जास्त जातं. तरी बंद खोलीला दोन-तीन लिटरची टाकी रात्रभर आरामात पुरते. प्रचंड टाकीच्या मोहात पडू नका, ती धुवायला जड जाते.

प्रकार मुख्यतः तीन. अल्ट्रासोनिकमध्ये एक चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक तुषार उडवते. आवाज जवळजवळ नसतो, वीजही कमी लागते. पण पाण्यातले क्षार आणि जंतू तुषारांबरोबर हवेत येतात. जड पाणी वापरलं की फर्निचरवर बसणारी पांढरी भुकटी ती हीच, आणि ती आपण श्वासातही घेतो. अल्ट्रासोनिक घ्यायचाच असेल तर डिस्टिल्ड, म्हणजे क्षार काढलेलं पाणी वापरा. वाफेच्या यंत्रात पाणी उकळतं, जंतू मरतात, पण वीज जास्त लागते आणि लहान मूल असेल तर भाजण्याची भीती. तिसऱ्या प्रकारात ओल्या जाळीतून पंखा हवा ओढतो. क्षार जाळीतच अडकतात आणि हवा दमट होत गेली की बाष्पीभवन आपोआप मंदावतं. पंख्याची हलकी घरघर असते आणि जाळी वेळोवेळी बदलावी लागते. आईच्या दम्याचा विचार करून मी हाच घेतला. त्या घरघरीत मला झोप छान लागते.

तरीही कोणत्याही यंत्रात मी पहिल्यांदा बघते ते टाकीचं तोंड. पूर्ण हात आत जायला हवा आणि प्रत्येक कोपरा बोटांना लागायला हवा. उरलेलं पाणी रोज ओतून टाकायचं, टाकी विसळून सुकवायची आणि दर दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर घातलेल्या पाण्याने क्षाराचे थर काढून पुन्हा विसळायची. साचलेल्या पाण्यात दोन-चार दिवसांत बुळबुळीत थर धरतो.

पाण्यात मात्र काहीही मिसळू नका, जंतुनाशक तर मुळीच नाही. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायचं जंतुनाशक १९९४ पासून विकलं जात होतं. २०११ मध्ये त्याचा फुप्फुसांच्या गंभीर आजाराशी संबंध उघड झाला. शेकडो माणसं दगावली, त्यांत लहान मुलं आणि गरोदर बायकाही होत्या. पोटात किंवा कातडीवर चालणारी वस्तू तुषार होऊन फुप्फुसात गेली की वेगळी वागते. सुगंधी तेलही त्याच कारणाने मी टाकीत घालत नाही.

कातडीबद्दल अपेक्षा माफक ठेवा. आर्द्रतेमुळे खाज आणि ओढलेपणा कमी होतो, पण मॉइश्चरायझरची जागा यंत्र घेत नाही. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच क्रीम लावायचं, ते मी सोडलेलं नाही. पहाटेचा घसा मात्र खरंच सुधारला.

यंत्र पलंगापासून थोडं दूर, भिंत आणि पडद्यांना न चिकटवता ठेवा. हायग्रोमीटर त्याच्यापासून लांब, उशीच्या उंचीला, नाहीतर आकडा खोटा वाढीव दिसतो. आणि सकाळी खिडकीच्या काचेवर आतून पाणी साचलेलं दिसलं, तर त्या रात्रीपासून यंत्र कमीवर करा.