‘मोरया!’ का अडकला?

गणेशोत्सव तोंडावर आला होता आणि मिठाईवाल्या काकांचा फोन आला. “अहो, मोदकांच्या भावाची पोस्ट जाते, पण ‘गणपती बाप्पा मोरया!’ काही जात नाही. देवाचं वावडं आहे का तुमच्या सॉफ्टवेअरला?”

काकांच्या पोस्ट आमच्या टूलमधून एका समाजमाध्यमाच्या एपीआयकडे, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेल्या दाराकडे, जायच्या. लॉगमध्ये एरर होती ४०१, म्हणजे ओळखच पटली नाही. मग नेहमीचे उपाय झाले. काकांच्या खात्याचं टोकन, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, नवं काढलं, सर्व्हरचं घड्याळ जुळवलं. फरक शून्य. त्यात त्याच टोकनवर भावाच्या पोस्ट खुशाल जात होत्या. संशय देवनागरीवर गेला. आपल्याकडचा हा कायमचा आरोपी! पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतले ‘ग’चे तिन्ही बाइट व्यवस्थित एन्कोड झालेले, म्हणजे ‘%’ लावलेल्या संकेतांत बदललेले दिसले.

शेवटी गेलेल्या आणि अडकलेल्या पोस्ट शेजारीशेजारी लावल्या. टीममधली नवी मुलगी म्हणाली, “अरे, अडकलेल्या सगळ्यांत उद्गारचिन्ह आहे, नाहीतर कंस.” खरंच की! ‘खव्याचे मोदक (ऑर्डरप्रमाणे)’सुद्धा तिथेच लटकली होती.

हा एपीआय ओळख पटवायचा ओऑथ १.० या पद्धतीने. तिच्यात सगळे पॅरामीटर, म्हणजे पोस्टच्या मजकुरासकट पाठवलेली माहिती, एन्कोड करून, क्रमाने लावून ‘बेस स्ट्रिंग’ नावाची एक लांब ओळ बनते आणि तिच्यावरून सही काढतात. सर्व्हरही आपल्या बाजूने तेच करतो. एन्कोडिंगचा नियम आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या मानकाचा: इंग्रजी अक्षरं, आकडे, हायफन, टिंब, अंडरस्कोर आणि टिल्डे सोडून बाकी सगळं एन्कोड करायचं. आमच्या कोडमधलं जावास्क्रिप्टचं ‘एन्कोडयूआरआयकंपोनंट’ हे एन्कोड करणारं फंक्शन मात्र उद्गारचिन्ह, तारांकन, एकेरी अवतरण आणि दोन्ही कंस तसेच सोडतं. बेस स्ट्रिंगमध्ये पॅरामीटर दुसऱ्यांदा एन्कोड होतात, त्यामुळे सर्व्हरकडे ‘!’चं आधी ‘%२१’, मग ‘%’ही एन्कोड होऊन ‘%२५२१’ आणि आमच्याकडे नुसतं ‘!’. सह्या जुळणार कशा?

पॅरामीटर चुकलं असताना ‘ओळख पटली नाही’ म्हणणाऱ्या त्या एररचा राग आलाच. पण सर्व्हरच्या हातात दोन न जुळणाऱ्या सह्या असतात. बिघाड टोकनमध्ये आहे की एका चिन्हात, हे त्यांवरून त्याला कळत नाही.

त्या पाच चिन्हांसाठी एक ओळ वाढवली, चाचणीची पोस्ट गेली. अडकलेली रांग मात्र तशीच सोडता येईना. काकांनी वैतागून दर वेळी एकेक उद्गारचिन्ह वाढवत ‘मोरया!!’, ‘मोरया!!!’ पाठवलं होतं. ते जादा मोरया आधी हाताने काढावे लागले.