आगोटीत लिनक्सचीही तयारी

मेअखेर आंबा आवरला की देवगडात आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, धांदल सुरू होते. लाकडं, सुकी मासळी, छपराची कौलं. यंदा त्या तयारीत बागेच्या हिशेबाचा, डेबियन या लिनक्सवर चालणारा संगणकही धरला. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा वीजही गेली आणि नेटवर्कही. म्हणून एकच अट ठेवली: मशीन बूट, म्हणजे सुरू, झालं नाही तर इंटरनेटवर काही शोधावं लागू नये.

आधी कागद. डिस्कचे विभाग, त्यांचे यूयूआयडी (ओळख क्रमांक), सुरू होताना कोणते विभाग जोडायचे ते सांगणारी एफएसटॅब फाइल, सगळं छापून फायलीत लावलं. घरचा डेटा आणि सेटिंगचं ईटीसी फोल्डर आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने बाहेरच्या डिस्कवर. ज्यावरून थेट लिनक्स चालतं असा लाइव्ह पेनड्राइव्ह केला आणि तो यूईएफआय या नव्या पद्धतीनेच सुरू होतो ना, हे बघितलं. जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाला तर ग्रबला (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला) फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, आपली नोंद करता येत नाही.

मग तालीम. जुन्या डिस्कवर हुबेहूब प्रत घेतली, मूळ डिस्क काढून ठेवली (दोन्हींचे यूयूआयडी सारखेच, एकत्र जोडल्या की गोंधळ) आणि प्रतीतला ग्रब मुद्दाम पुसला. काका बघत होते. "बिघडाक नाय, तर दुरुस्त कित्याक करतंस रे?" त्यांना काय सांगणार! पेनड्राइव्हवरून चालू केलं, रूट (मुख्य) विभाग माउंट केला, म्हणजे जोडला, त्यात बूटच्या फायलींचा ईएफआय विभाग, मग डेव्ह, प्रॉक, सिस ही सिस्टिमची फोल्डरं जोडून सीएचरूट, म्हणजे डिस्कवरच्या लिनक्सच्या आत शिरलो. ग्रब पुन्हा बसवला, सेटिंग नव्याने बनवली. चालू झालं.

खरी मेख पुढे निघाली. बॅकअपची डिस्क काढून बूट केलं तर दीड मिनिट वाट पाहून सिस्टिमडीने (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने) दुरुस्तीपुरता इमर्जन्सी मोड दाखवला, आणि तिथेही आत घेईना, कारण रूट, म्हणजे सर्वाधिकारी, खातं कुलूपबंद. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की आपल्या खात्याला सुडो (रूटचे अधिकार वापरायची सोय) मिळतो, पण हे दारही बंद होतं. ही गोष्ट ऐन पावसात, बॅटरीच्या उजेडात कळली असती तर? एफएसटॅबमध्ये त्या डिस्कपुढे 'नोफेल' (नसली तरी अडू नको) लिहिलं, रूटला पासवर्ड दिला आणि पुन्हा डिस्क काढून बघितलं. सरळ लॉगिन आलं. तेच दोन्ही बदल मग मूळ डिस्कवर केले.

एफएसटॅबचं पान नव्याने छापलं. त्याखाली पेनने लिहून ठेवलं: माउंट असलेल्या विभागावर एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवायचं नाही, आधी पेनड्राइव्हवरून बूट.