इथंच तर हाय

दुपारी लाइट गेली होती. मी ओट्यावर बसून फोनमध्ये लेकीचं विमान बघत होतो. मुंबईहून लंडन. नकाशावर ते पिवळं विमान काही केल्या हलेना, आणि जरा नजर काढली की ज्वारीच्या दाण्याएवढं पुढं सरकलेलं.

आई शेजारी तूर निवडत होती. "कितीक लांब हाय ते?"

"७,२०० किलोमीटर."

सुपातला खडा तिनं अंगणात फेकला. "तसं नको. तासात सांग."

तिचंही बरोबर आहे. आमच्याकडं किलोमीटरमध्ये बोलतंय कोण? रस्ता विचारला आणि "हे काय, इथंच तर हाय" असं उत्तर आलं, की चार किलोमीटर चाल नक्की. "जरा लांब पडतंय" म्हणाले तर मुक्कामाचं बघावं. आमचे आजोबा बिड्यांत मोजायचे. शेत दोन बिड्यांवर, बाजार पाच. पावसाळ्यात बिडी पेटत नसे, तेव्हा बाजार किती लांब जायचा कोण जाणे.

"जाताना दहा तास," मी म्हणालो. "येताना तासभर कमी. वरचं वारं पश्चिमेकडून येतं, पाठीला लागतं."

बोललो आणि माझं मलाच हसू आलं. परभणीहून मुंबईलाही रेल्वेनं दहा तासच लागतात की! ५५० किलोमीटर, तेवढेच दहा तास.

आता निदान एका गाडीत बसून जाता तरी येतं. नव्वदच्या दशकात मोठी लाइन झाली. त्याआधी मनमाडपर्यंत मीटर गेज, रुळांत एक मीटरचं अंतर. मनमाडपासून पुढं १.६७६ मीटर. त्या ६८ सेंटिमीटरसाठी अख्खा मराठवाडा अर्ध्या रात्री मनमाडला उतरायचा. वळकट्या, ट्रंका, झोपेतली पोरं, "ए, पाण्याचा तांब्या कुठंय?" एकदा हमालाच्या डोक्यावर आमची ट्रंक, मागं वडील, आणि आईनं माझं मनगट असं आवळलेलं की बोटांचे वळ उठले. मोठ्या गाडीत जागा मिळाली, गाडी हलली, तेव्हा कळलं, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा लहान गाडीतच राहिला. पितळी होता, झाकणावर मामाचं नाव कोरलेलं. मुंबई येईपर्यंत आई कुणाशी बोलली नाही. डब्याचा विषय पुढं कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नात निघायचा.

लाइट आली. पंखा फिरला तशी सुपातली फोलं उडाली. आईनं पदरानं सूप झाकलं.

"मधी गाडी बदलायची नाही ना तिला?"

"नाही. थेट आहे."

"मग काय," ती म्हणाली, आणि पुन्हा खडे शोधायला लागली.