ताऽरांतो की तारांऽतो?

पुण्यात बसून मी इटालियन शब्द तोडते. गाडीत रस्ता सांगणाऱ्या आवाजासाठी शब्दांच्या याद्या येतात. प्रत्येक शब्दाची अक्षरं पाडायची आणि जोर कुठे पडतो तिथे खूण करायची. इथे जोराच्या अक्षरापुढे मी 'ऽ' लिहिते.

अक्षरं पाडायचे नियम तसे पक्के. द्वित्त दुभंगतं: 'गात्-तो', म्हणजे मांजर. 'आल्-तो'मधला ल मागच्याकडे राहतो. स मात्र पुढच्याला चिकटतो, म्हणून 'पा-स्ता'. देवनागरीत लिहिलं की पास्ता आपोआप बरोबर तुटतो. तीच देवनागरी 'आल्तो'ला मात्र फसवते, तिथे 'आ-ल्तो' असं तुटल्यासारखं दिसतं.

जोराचं दुखणं वेगळं. बहुधा तो शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. शेवटच्यावर असेल तर लिहितानाच वर खूण देतात. पण नाऽपोली, जेऽनोवा, पाऽदोवा? जोर शेवटून तिसऱ्यावर, आणि कागदावर त्याचा पत्ता नाही.

त्या दिवशी शहरांची लांबलचक यादी आली. मी शाळेतल्या लघु-गुरूवर भिस्त ठेवली. शेवटून दुसरं अक्षर व्यंजनाने बंद असेल तर ते गुरू, आणि जोर तिथेच. फिरेन्त्से, पालेर्मो, सालेर्नो, लिवोर्नो सगळी मुकाट्याने बसली. लॅटिनचाही नियम हाच, म्हणून मी निर्धास्त. संगणकाला नियम शिकवला, यादी उरकली आणि चहाला गेले.

दुपारी तिकडच्या तपासनीस बाईंचा फोन आला. हसू आवरत नव्हतं त्यांना.

"हे तारांऽतो कुठलं काढलंस? माझं सासर ताऽरांतोचं आहे!"

ग्रीकांनी वसवलेलं शहर ते. नावातला जोर ग्रीक वळणाचाच राहिला, लॅटिनच्या नियमाला दाद न देता. त्याच भागातलं ओऽत्रांतोही तसलंच. दोन्ही माझ्या नियमाने बिनदिक्कत बिघडवली होती.

मग बाईंनी माझी उलटतपासणीच घेतली. 'ते फोन करतात' कसं म्हणशील? तेलेऽफोनानो, जोर शेवटून चौथ्यावर! 'कापितानो'? मी म्हटलं, कापिताऽनो, कप्तान. "आणि 'घडतात' म्हणायचं असेल तर?" काऽपितानो. स्पेलिंग तेच. वाक्य पाहिल्याशिवाय संगणकाने काय करावं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

नियम काढून टाकला. शहरं पुन्हा एकेक करून, शब्दकोश उघडून तपासली. रात्रीचे नऊ वाजले.

दुसऱ्या दिवशी यादीतला पहिलाच शब्द 'प्रिंचिपी'. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर राजपुत्र, दुसऱ्यावर दिला तर तत्त्वं. सोबत वाक्य नव्हतं. मी फोन उचलला.