घसाऱ्याची सवय आणि अफरवटचा बर्फ

अंजनेरी, हरिहर, साल्हेर उतरून ज्यांच्या मांड्या तयार झाल्यात, त्यांना स्की शिकताना दमाचा फायदा मिळतो, पण घसाऱ्यावर लागलेली एक सवय आडवी येते. पायाखालचा मुरूम सरकू लागला की आपण मागे रेलतो, बूड खाली घेतो, एक हात मागे टेकवतो. सह्याद्रीत ते बरोबरच आहे. स्कीवर मात्र त्याच हालचालीने गुडघ्याचं एसीएल, म्हणजे हाडं जोडणारं आतलं एक मुख्य लिगामेंट, फाटू शकतं. आखीव उतारांबाहेरच्या बर्फात छोट्या उड्या मारायला आणि नीट पडायला शिकायचं म्हणून आम्ही नाशिकचे काही ट्रेकर गुलमर्गला गेलो होतो. तिथलं जवळजवळ सगळं शिक्षण ही एक सवय मोडण्याभोवतीच फिरलं.

त्याची सुरुवात नाशिकमध्येच करता येते. आम्ही पंचवटीतल्या एका तालमीत जायचो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला, आणि तो त्यांना सप्तशृंग गडावर सुचला असं परंपरेने सांगतात. त्या मल्लखांबावरून खाली येण्याची जी शिस्त आहे, ती स्कीच्या लँडिंगला खूप जवळची आहे. वस्तादांनी आम्हाला गुडघाभर उंचीच्या स्टुलावरून लाल मातीत उड्या मारायला लावल्या. दोन्ही पाय एकाच वेळी टेकायचे, टाचांचा धप्प आवाज येऊ द्यायचा नाही, गुडघे एकमेकांकडे वळू द्यायचे नाहीत, हात समोर ठेवायचे. मग कुशीवर पडणं: मुठी छातीशी, हनुवटी आत, आधी मांडीची बाजू, मग खांदा. पालथा तळवा टेकवला की वस्ताद तिथेच थांबवायचे. याशिवाय पांडवलेणीच्या पायऱ्या सावकाश उतरणं आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, हे दोन्ही कराच. ते मागचे स्नायू नडगी पुढे सरकू देत नाहीत, त्यामुळे एसीएलवरचा भार हलका होतो.

प्रवासाचं थोडक्यात. ओझर किंवा मुंबईहून दिल्ली, तिथून श्रीनगर. पुढे साधारण पन्नास किलोमीटर. टंगमर्गनंतर बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेली गाडीच घ्यावी लागते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. ग्रुपमध्ये किमान दोघांकडे पोस्टपेड असू द्या. नाशिक जेमतेम सहाशे मीटरवर, गुलमर्ग सुमारे २,६५० वर, आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा गुलमर्गवरच्या अफरवट शिखराच्या खांद्यावर साधारण ३,९५० मीटरवर सोडतो. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी वर जाऊन उड्या मारायचा बेत आखू नका. डोकं दुखत असताना तोल आणि निर्णय दोन्ही ढिले पडतात. ज्यांनी स्की कधीच घातलेली नाही, त्यांनी आधी गुलमर्गच्या सरकारी संस्थेचा किंवा औलीचा प्राथमिक कोर्स करावा. हा लेख त्यापुढच्यांसाठी आहे.

आता उडी. पहिले काही तास प्रशिक्षकाने आम्हाला उडी मारूच दिली नाही, फक्त लँडिंगच्या जागा दाखवल्या. उडी किती उंच आहे यापेक्षा खाली उतार किती आहे, हे जास्त महत्त्वाचं. उतारावर उतरलात तर वेग पुढे वाहून जातो, सपाटीवर उतरलात तर तो सगळा गुडघ्यात आणि कमरेत जातो. म्हणून फूटभर उंचीवरून सपाटीवर पडण्यापेक्षा तीन फुटांवरून चांगल्या उतारावर उतरणं सोपं जातं. जागा निवडली की खालून जाऊन पोल, म्हणजे हातातली स्कीची काठी, खुपसून बघायचा, बर्फाखाली दगड किंवा ओंडका नाही ना. एकाने खाली बाजूला उभं राहायचं आणि रस्ता मोकळा असल्याची खूण करायची. हे टाळून मारलेली एकही उडी मला मान्य नाही, कितीही छोटी असली तरी.

कडेवर येताना घोटे, गुडघे किंचित वाकलेले, आणि कडेला पाय सरळ करत हलकी उसळी. हवेत गुडघे वर, अंग आटोपशीर, नजर स्कीच्या टोकांवर नाही तर उतरण्याच्या जागेच्याही पुढे. जमीन जवळ आली की पाय पुन्हा लांब करायचे, म्हणजे वाकायला जागा उरते. टेकल्यावर घोटा, गुडघा, कंबर असं एकामागून एक दबू द्यायचं, नडग्या बुटाच्या जिभेला चिकटलेल्या. घसाऱ्याची सवय नेमकी इथेच उसळते. पोटात गोळा आला की अंग मागे जातं, स्कीचं मागचं टोक आधी टेकतं आणि बुटाची ताठ मागची बाजू नडगीला पुढे ढकलते. प्रशिक्षक दिवसभर एकच वाक्य ओरडत होते, "हाथ आगे, हाथ आगे!" हात पुढे राहिले की कंबर मागे पळू शकत नाही. खोल पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, मात्र फार पुढेही झुकू नका, टोकं बुडतात. भार तळव्याच्या मध्यावर, दोन्ही पायांवर सारखा, पाय एकमेकांजवळ.

पडणं अटळ आहे, त्यामुळे ते ठरवून शिका. तोल गेलाच आहे असं कळलं की वाचवायची धडपड सोडा. कंबर गुडघ्यांच्या खाली गेलेली, एक हात मागे, सगळा भार खालच्या स्कीच्या आतल्या कडेवर, अशा स्थितीत उठायचा प्रयत्न गुडघ्याला सर्वांत घातक. हात पुढे आणा, पाय जवळ घ्या, कुशीवर जा आणि पूर्ण थांबेपर्यंत उठू नका. कडक उतारावर घसरत असाल तर आधी पाय खालच्या बाजूला आणा, मग स्कीच्या कडा उताराला आडव्या रोवा. स्की सुटली असेल तर पालथे होऊन बुटांची टोकं रुतवा. पोलचे पट्टे मनगटातून काढलेलेच असावेत. पट्ट्यात अडकलेला अंगठा पडताना मुरगळतो, आणि झाडांत पोल अडकला तर खांदा ओढला जातो.

पावडरमध्ये नुसत्या हातावर जोर देऊन उठता येत नाही, हात खांद्यापर्यंत आत जातो. दोन पोल फुलीसारखे बर्फावर आडवे ठेवा आणि त्यावर जोर द्या. सुटलेली स्की बहुतेक वेळा आपण थांबलो त्याच्या वरच्या बाजूला असते. पोलने आडव्या रेषेत बर्फ चाळत वर जा. आमच्यातल्या एकीची स्की अशीच बराच वेळ सापडली नाही. बाइंडिंगला, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीला, रंगीत लांब फिती बांधल्या असत्या तर ती लगेच दिसली असती. फिती स्वस्त आहेत, न्याच. बाइंडिंगचा ताण वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून दुकानातल्या तंत्रज्ञाकडून लावून घ्या. "सारखी सुटते" म्हणून स्वतः स्क्रू पिळू नका, सुटणं हेच तिचं काम आहे.

एक गोष्ट प्रत्येकाने गंभीरपणे घ्यावी. आखीव पट्ट्याबाहेर उडीचा किंवा पडण्याचा दणका बर्फाच्या खालच्या कच्च्या थरालाही बसतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार पावडरसाठी छान, आणि हिमस्खलनंही बहुतेक तिथेच होतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीअर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्ग भागात एक रशियन स्कीअर हिमस्खलनात गेले. गस्त आणि नियंत्रण गोंडोलाच्या आसपासच्या ठरावीक भागातच असतं. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि ते वापरायचा सराव केलेला हवा. गाडलेल्या माणसाला वाचवायला हातात मिनिटं असतात, तास नाही. जोराचा बर्फ पडून गेल्यावर लगेच उड्या नकोत. एका वेळी एकानेच उतरायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. गुलमर्गखालच्या बाबा रेशीकडच्या जंगलात झाडांच्या बुंध्यांपासून लांब राहा, तिथे भुसभुशीत बर्फाखाली पोकळी असते.

पडल्यावर गुडघ्यात "टक्" असा आवाज आला आणि काही तासांत सूज चढली, तर दुखणं कमी झालं तरी पुन्हा स्की घालू नका, अस्थितज्ज्ञाला दाखवा. विमा काढताना त्यात साहसी खेळ धरलेत का, हे लेखी विचारून घ्या.

पावडरसाठी जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी उत्तम. मार्चमध्ये दुपारनंतर बर्फ ओला आणि जड होतो, स्की त्यात अडकून पाय पिळला जातो. मार्चमध्येच सुट्टी मिळत असेल तर उड्यांचा सराव सकाळी उरकून दुपारी खाली या.