तुम्ही विचारलंत म्हणून: इस्रायलला का गेला नाहीत?

‘तुमचा देश झाला, तुमची माणसं गेली, मग तुम्ही अजून ठाण्यातच कशा?’ लग्नकार्यात, दवाखान्यात कुणी ना कुणी विचारतंच. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, त्यामुळे. हेतू वाईट नसतो. तरी ‘तुमचा देश’ हे शब्द लागतात.

विशीत मी तडकून सांगायचे: आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून ते शनवारतेली झाले. कुणी छळलं नाही, मग इथे राहणं ही कसली हद्दपारी? आता विशीतल्या त्या माझ्याशीच माझा वाद होतो. छळ नव्हता म्हणून हद्दपारीही नव्हती, तर यरुशलेमचं मंदिर पडलं त्याचा उपास तू अजून का धरतेस? वल्हांडण सणाच्या रात्री ‘पुढल्या वर्षी यरुशलेमेत’ का म्हणतेस? यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला कैद करून नेलेल्या ज्यूंना पत्राने कळवलं होतं, घरं बांधा, बागा लावा, त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परत जायची आस आणि इथला संसार, दोन्ही त्या एकाच पत्रात आहेत. मला ते पटतं. आणि कधीकधी ती माझी सोयही वाटते.

मावशी मात्र गेली. इस्रायलमधल्या बीरशेबाला. 1962 साली तिचं लग्न ठरलं, मुलगा दुसऱ्या देशातून आलेला ज्यू. लग्नाच्या नोंदणीच्या वेळी रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, विचारलं, तुझी आई ज्यू कशावरून? आजी? पणजी? रेवदंड्याकडच्या पणजीचा कागद कुठून आणणार! तिने शेमा ही आमची मुख्य प्रार्थना म्हणून दाखवली, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने आम्ही करतो त्या मलिद्याचं सांगितलं. तो म्हणाला, शुद्धीचं स्नान कर, मग बघू. म्हणजे नव्याने ज्यू हो. मावशी उठून आली. ‘पाटल्या मोडून तिकीट काढलं ते हे ऐकायला?’ असं तिने आईला लिहिलं. लग्न रखडलं, मग मोडलं. 1964 च्या उन्हाळ्यात आमची माणसं यरुशलेमेत धरणं धरून बसली, त्यांत ती होती. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. तोवर त्या मुलाने दुसरीकडे लग्न केलं होतं.

शेजारी तिला ‘इंडियन’ म्हणायचे. तरीही ती परतली नाही. आईने किती वेळा बोलावलं. दर वेळी उत्तर एकच, ‘मी घरी आहे.’ ते मला आजही उलगडत नाही. तिच्यावर झालेला अन्याय मी माझ्या न जाण्याचं कारण म्हणून सांगते, आणि जिने तो सोसला ती तर तिथेच राहिली.

आता माझी मुलगी जायचं म्हणते. मी तिला अडवलेलं नाही. तिच्याबरोबर येते असंही म्हटलेलं नाही.