वावीच्या रस्त्यावरची कातरणी

गोंदेश्वर बघायला म्हणून नाशिकहून निघालो, मंदिर सुंदरच आहे, सिन्नरला मिसळही झाली, पण त्यावर नंतर कधीतरी लिहीन, कारण वावीच्या अलीकडे जे बघितलं ते डोक्यातून जातच नाहीये.

कांदा काढलेल्या रानात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट फिरता मुक्काम, उतरला होता. शेतकरी मेंढ्या बसवून घेतो, लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो. बाभळीखाली मेंढ्यांची लोकर कातरणी चालू होती. वाड्यातल्या एका धनगर बाबांनी मेंढी अलगद आडवी पाडली, पाय बांधले आणि कातर घेतली. शिवणकामाची कात्री नव्हे हां, लोखंडाची पट्टी वाकवून केलेली, दाबली की मिटते, सोडली की आपोआप उघडते. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, कारण सुरकुती राहिली की पातं लागलंच. एका ठिकाणी जरासं लागलं तर वाड्यातल्याच मावशींनी लगेच हळद दाबली. मेंढी मोकळी झाली, अंग झाडलं आणि सरळ कळपात पळाली.

वर्षातून दोनदा हे करावंच लागतं, नाहीतर उवा-गोचिड्या होतात. एका वेळची लोकर एका मेंढीमागे अर्धा किलोही भरत नाही.

मी विचारलं, बाबा, लोकर कुठं देता?

"घेतं कोन ताई आता? कातरनाराची मजुरी बी निघत न्हाई. टाकून देतो."

टाकून देतो! इतक्या निगुतीने कातरलेली काळीभोर लोकर बांधाला पडलेली होती आणि मला खरंच राग आला. दख्खनी मेंढीची लोकर राठ, मेरिनोसारखी मऊ नाही, स्वेटरला चालत नाही, कबूल. पण घोंगडीला हीच लागते, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पाऊस झेलते, आणि आपण मात्र थंडीत ॲक्रिलिकची ब्लँकेटं घेतो. तिकडे पेरू-बोलिव्हियात लामा नावाचे लोकरीचे प्राणी पण हातानेच कातरतात, आतले मऊ केस कापडाला आणि वरचे राठ केस दोर, पोती विणायला, म्हणजे राठ आहे म्हणून फेकत नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांचं जाहीर केलंय, त्याचं या रानात कुणाला काय?

आणि आपल्या जिल्ह्यात तर द्राक्षबागा आहेत! लोकर मुळाशी अंथरली तर ओल धरते, हळूहळू कुजून नत्र देते, आणि बागाईतदार मुळाशी अंथरायला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर विकत आणतात. तिथूनच पिंपळगावच्या मामेभावाला फोन लावला, एका ओळीला टाकून बघतो म्हणाला, तर आम्ही दोन पोती भरून गाडीत टाकली. बाबा पैसे घ्यायलाच तयार नव्हते, "कचऱ्याचं काय पैसं घ्यायचं", शेवटी मावशींच्या हातात दिले आणि पुढच्या कातरणीला कुठं असाल ते विचारून फोन नंबर घेतला.